कोंडा म्हशीला, पोळी मला

कानबाईच्या सणाआधीच्या आठवड्यात आमच्या खानदेशातल्या गिरणीवर पाय ठेवायला जागा नसते. रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, गव्हाचे डबे, गोण्या, पिशव्या दारापासून ओट्यापर्यंत रांगेत. जो येतो तो एकच सांगतो, "भाऊ, बारीक दळजो हां." दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्या गर्दीत मला दोनदा गरगरलं. पहिल्यांदा वाटलं, पिठाची धूळ आणि उकाडा. दुसऱ्यांदा हॉपरला धरून उभा राहिलो, तेव्हा बायकोने पट्टा बंद करायला लावला आणि दुसऱ्या दिवशी अमळनेरला रक्त तपासायला नेलं.

आमचं गाव बोरी नदीच्या काठी. गिरणी वडिलांनी घातली, गेली बावीस वर्षं मी चालवतो. म्हणजे गावात कोण काय खातं हे डॉक्टरच्याही आधी मला कळतं. कोणाकडे दादर जातीची ज्वारी संपून रेशनचे गहू सुरू झाले, कोणाकडे कळणा, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, बंद झाला, कोण दिवाळीआधी किती बेसन दळून नेतं. इतकं सगळं डोळ्यांसमोर असून स्वतःच्या ताटाकडे मात्र कधी बघितलं नव्हतं.

रिपोर्ट आला. रक्तातली साखर उपाशीपोटी ११८, जेवणानंतर दोन तासांनी १८६, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.३. या शेवटच्या आकड्याचा हिशेब साधा आहे: ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह. मी उंबरठ्यावर, तोही आतल्या बाजूला एक पाय टाकलेला. एकटा नव्हतो म्हणा. २०२३ साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेही १० कोटींच्या वर आणि उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटी. एवढ्या गर्दीत आपण एक, असं म्हणून काही बरं वाटत नाही.

ज्या दवाखान्यात दाखवलं तिथे दोन मिनिटांत काम झालं. गोड बंद, भात बंद, बटाटा बंद, आणि हातात छापील कागद. कागदावर दुपारी 'दोन फुलके' लिहिलेले. मी विचारलं, "फुलका केवढा?" त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. गिरणीवाल्याला नगाची भाषा कळत नाही हो, त्याला वजन सांगा.

पाच आठवडे गोड बंद ठेवलं. चहा बिनसाखरेचा, गणपतीचे मोदक दुसऱ्याच्या ताटात, पितरांची खीर नुसती बोटाला. गावभर "भाऊले शुगर निंघनी" असं झालं आणि प्रत्येकाने एकेक पाला सुचवला. पाच आठवड्यांनी जेवणानंतरची साखर १८१. गोडाचा घास नाही आणि आकडा पाचाने खाली! त्या दिवशी मला खरंच राग आला. कोणावर ते माहीत नाही.

मेव्हण्याच्या ओळखीने धुळ्यात एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. वयाने माझ्या पुतणीएवढी. तिने आधी बोटातून रक्त घेऊन मीटरवर बघितलं आणि टोचलेल्या जागी दाबायला कापसाचा बोळा दिला. मग विचारलं, "काका, काय खाता?" मी म्हटलं, "गोड काहीच नाही ताई. साधं भाजी-भाकरी, पोळी, रात्री खिचडी." ती हसली.

"हातातला बोळा खाल्ला तर साखर वाढेल का?"

"कापूस खाऊन?"

"सांगा ना."

"नाही वाढणार. तसाच बाहेर पडेल."

"मग ऐका. तो बोळा आणि तुमची भाकरी, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा आहेत."

कपाशीच्या मुलखात जन्म गेला, शेतात सात एकर कापूस उभा, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भाकरीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे हजारो मणी ओवलेली माळ. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज, तीही ग्लुकोजचीच माळ. फरक एवढाच की मणी एकमेकांना कसे जोडलेत. स्टार्चमधला जोड आपल्या लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज नावाचं पाचकद्रव्य तोडतं. मणी सुटतात आणि तास-दीड तासात रक्तात. सेल्युलोजमधला जोड उलटा बसवलेला, तो तोडायची कात्री माणसाच्या पोटात नाहीच. बैलालाही स्वतःची कात्री नाही, त्याच्या पोटातले जंतू ते काम करतात, म्हणून ज्वारीचं कणीस आपण खातो आणि कडबा तो खातो. एकाच ताटाचे दोन वाटे.

"तुम्ही साखर बंद केलीत ती चमच्याची," ती म्हणाली. "ताटातली मोजलीच नाहीत. आठ दिवस सगळं तोलून लिहा. काही बदलू नका, फक्त लिहा."

तोलणं म्हणजे आपलं कामच. गिरणीवरचा छोटा काटा घरी आणला. मायला ते अजिबात आवडलं नाही, ताटातलं अन्न तोललं की बरकत जाते म्हणे. तिला सांगितलं की भाकरीतही साखर असते, तर ती चुलीपुढून म्हणाली, "भाकरनी साखर कसी व्हस रे?" बोळ्याची गोष्ट तिला सांगून बघितली. तिने ऐकून घेतली आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

आठ दिवसांच्या वहीने माझे दोन पक्के समज मोडले.

पहिला असा की भाकरी हलकी आणि पोळी जड. मायची भाकरी ९५ ग्रॅम पिठाची निघाली, बायकोची पोळी ३२ ग्रॅमची. "मी दोनच भाकरी खातो" असं मी छाती फुगवून सांगायचो. दोन भाकरी म्हणजे १९० ग्रॅम पीठ, त्यात पचणारी कर्बोदकं सुमारे १२८ ग्रॅम. चार पोळ्यांमध्ये ८२. बरं, चोथ्याचं, म्हणजे न पचणाऱ्या तंतूंचं, म्हणाल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नाचे जे तक्ते काढले, त्यात ज्वारीत शंभर ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास तंतू आहेत आणि गव्हाच्या सबंध पिठात ११. म्हणजे गहू पुढे! हे मी गिरणीवर सांगितलं तेव्हा एक बापू माझ्यावर एवढे चिडले की दळण घेऊन दुसऱ्या गिरणीवर जायला निघाले. खानदेशात भाकरीला कमी लेखणं म्हणजे आईला बोलण्यासारखं. पण मी भाकरीला कमी लेखत नव्हतो. ती केवढी खातो ते मोजत होतो.

दुसरा समज चाळणीत मोडला. तक्त्यातला ११ चा आकडा सबंध पिठाचा. आमच्या घरी पोळीचं पीठ मैद्याच्या चाळणीने चाळायची पद्धत, पोळी पांढरी आणि मऊ व्हायला हवी म्हणून. दहा किलो पीठ चाळून वर उरलेला कोंडा तोलला, ७०० ग्रॅम. गव्हाच्या कोंड्यात चाळीस टक्क्यांवर नुसते तंतू असतात. म्हणजे पिठातल्या एकूण तंतूंचा जवळजवळ पाव वाटा त्या चाळणीवर राहत होता. आणि तो जायचा शेजारच्या म्हशीला. गेली बावीस वर्षं मी गावाला 'कोंडा काढून ठेव हां' सांगत आलो, म्हशीसाठी. म्हशीची तब्येत उत्तम आहे.

दिवसभराचे तंतू मोजले तर २१-२२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज निदान २५ सांगते, आपली आयसीएमआर २००० कॅलरीमागे ३०. मी फार मागे नव्हतो, पण बरंचसं दुपारी. सकाळी चहाबरोबर चार टोस्ट, त्यात मैदा. आणि रात्री खिचडी.

आमच्याकडे रात्रीची खिचडी म्हणजे वार नाही, नेम. तुरीच्या डाळीची, वरून कच्चं तेल, भाजलेला पापड, हवी तर कढी. पोटाला हलकी म्हणून खातात. वहीत माझ्या ताटाचे कच्चे तांदूळ १२० ग्रॅम निघाले आणि डाळ ४०. कर्बोदकं ११६ ग्रॅम, तंतू सात. तेही रात्री साडेनऊला, आणि त्यानंतर थेट अंथरूण. "हलकं" जेवण.

इथे मी तेच केलं जे नवशिक्या करतो. आकडा कळला ना, मग घाला कोंडा. कणकेत वाटीभर, ताकात दोन चमचे, झोपताना इसबगोल. मायने विचारलं, "म्हैसले टाकतस ते तू खाशी का आते?" खाल्लं. चौथ्या दिवशी पोट ढोलासारखं. सहाव्या दिवशी ढोल वाजेना, शौचालाच होईना. चोथा वाढवला की पोट साफ होतं हे खरं, पण त्याला पाणी लागतं आणि मी दळणाच्या गर्दीत दिवसाला चार ग्लास पाणी प्यायचो. सातव्या दिवशी कळा यायला लागल्यावर धुळ्याला फोन लावला.

तिने फोनवरच सांगितलं, "एका ग्लासात चमचाभर इसबगोल टाका आणि बघत बसा." बसलो. पहिल्या मिनिटात भुसा तरंगला, मग खाली बसता बसता फुगायला लागला. पाच मिनिटांनी चमचा उभा राहील असा गोळा. दहा मिनिटांनी ग्लास उलटा केला तर सगळं हळूहळू घसरत आलं, खळीसारखं. आणि मी हे अर्ध्या कप पाण्यात ढवळून गटकन गिळत होतो. घशात अडकलं नाही हे नशीब.

त्या ग्लासाने मला तंतूंचे दोन प्रकार शिकवले, पुस्तकाची गरज पडली नाही. एक हा, पाणी धरून चिकट होणारा. इसबगोल, मेथीदाणा, थोडाफार उडीद, गवार. हा आतड्यात अन्नाला लपेटतो, मग साखर एकदम न सुटता झिरपत सुटते. दुसरा गव्हा-ज्वारीच्या सालीचा, पाण्यात न विरघळणारा, तो नुसता आकार देतो आणि पुढे ढकलतो. जे पचत नाही त्यातलं बरंचसं मोठ्या आतड्यातले जंतू आंबवून खातात, त्यातून वायू होतो आणि काही आम्लं तयार होतात, ती आतड्याच्या अस्तराला अन्न म्हणून लागतात. माझ्या पोटातल्या जंतूंना वर्षानुवर्षं टोस्ट मिळत होता. अचानक गोणीभर कोंडा आल्यावर त्यांनी दंगा केला तर चूक कोणाची? आठवड्याला चार-पाच ग्रॅम वाढवायचे, बरोबर पाणी वाढवायचं, असं ठरलं. गिरणीवर तांब्या आणि वर झाकायला ताटली आली.

त्याच फोनवर तिने मला बर्किटची गोष्ट सांगितली. डेनिस बर्किट, आयरिश सर्जन, युगांडात बरीच वर्षं होता. तिथल्या खेड्यांत बद्धकोष्ठ, मूळव्याध, आतड्याच्या तक्रारी विरळ आणि इंग्लंडात रग्गड, हे त्याच्या लक्षात आलं. १९७० च्या दशकात त्याने आणि सोबत्यांनी लोकांच्या शौचाचं वजन केलं, अन्न आत गेल्यापासून बाहेर यायला किती तास लागतात ते मोजलं, आणि चोथ्याचा मुद्दा जगापुढे मांडला. त्याचं सगळंच म्हणणं पुढे टिकलं असं नाही, पण मायला मी हे सांगितलं. शौच तोलणाऱ्या माणसापुढे भाकरी तोलणारा पोरगा तिला बरा वाटला असावा. काट्याबद्दल ती नंतर बोलली नाही.

मग मीटर विकत घेतला. एका पट्टीला वीस-बावीस रुपये पडतात, त्यामुळे उगाच टोचत बसणं परवडत नाही. ठरवून, एका वेळी एकच गोष्ट. पहिला घास घेतला ती वेळ लिहायची, दोन तासांनी बोट टोचायचं.

खिचडी, नेहमीची: १८८.

दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, दुसरं काही नाही: १७६.

एक भाकरी, वाटीभर तुरीची आमटी, मोठी वाटी पोकळ्याची भाजी, आधी भाजी-आमटी आणि मग भाकरी: १४२.

हा शेवटचा आकडा बघून मी मीटर बिघडलं समजलो आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. १४६. बाईंनी सांगितलं होतं की भाजी-डाळ आधी पोटात गेली तर मागून येणाऱ्या पिठाची साखर सावकाश चढते. मला ते देवळातल्या प्रवचनासारखं वाटलं होतं. आमच्यात तर भाकरी कुस्करून त्यावर आमटी ओततात, आधी-नंतर कुठलं?

शिळ्या भाकरीचंही करून बघितलं. शिजलेला स्टार्च थंड झाला की त्यातला काही भाग पुन्हा घट्ट होऊन बसतो आणि पचायला नकार देतो, त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. मोबाइलवर याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील, शिळी भाकरी म्हणजे अमृत वगैरे. माझ्याकडे ताज्या एका भाकरीवर, दुधाबरोबर, १५८ आले आणि शिळ्या एका भाकरीवर, त्याच दुधाबरोबर, १५१. आता घरगुती मीटरला पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं, असं त्याचं मानकच आहे. सात अंकांत अमृत शोधायला मी तयार नाही. शिळी भाकरी मी खातो, पण मला आवडते म्हणून.

केळीचा मामला गमतीचा. बहीण यावल तालुक्यात दिलेली, घरी केळीचे बाग. दाजींना सांगितलं की मी केळी सोडली, तर ते म्हणाले, "अरे आपल्या केळीला जीआय आहे!" बाईंनी पण मला जीआय, जीआय असंच काहीतरी शिकवलं होतं, म्हणून मी दचकलो. दाजींचा जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, जळगावच्या केळीला २०१६ साली मिळालं, भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी. बाईंचा जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स: ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील एवढा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते, ते ग्लुकोजशी ताडून बघायचं. टोरंटोच्या डेव्हिड जेनकिन्सने १९८१ साली ही मोजणी मांडली. आम्ही दोघं अर्धा तास आपापल्या जीआयबद्दल भांडलो. शेवटी दाजींनी बागेतली दोन केळी आणून दिली, एक नुकतं पिवळं झालेलं, देठाकडे हिरवं, आणि दुसरं ठिपके पडलेलं. कच्च्या केळ्यात स्टार्च जास्त, त्यातला बराचसा न पचणारा. पिकता पिकता त्याची साखर होते, म्हणून तर कच्चं केळं तुरट आणि पिकलेलं गोड. हिरव्या देठाचं अर्धं केळं आता मी खातो, मुठीभर शेंगदाण्यांबरोबर. ठिपक्यांचं सोडलं. वेफर्स पण सोडले, ते केळीचे असले तरी.

पौषात तिथेच भरिताची पार्टी झाली. शेतात तुरकाट्या पेटवून त्यात वांगी भाजली. बामणोदकडची वांगी, मोठी, हिरवट, आत बी कमी. साल काढून बडगीत मिरच्यांबरोबर कुटली, कांद्याची पात, शेंगदाणे, लसूण, तेल. मसाला नाही. बाकीच्यांनी पुऱ्या खाल्ल्या. मी घरून कळण्याची भाकरी बांधून नेली होती, त्यावर सगळे हसले आणि नंतर त्यातल्या दोन भाकऱ्या लंपास झाल्या. भरीत दोन वाट्या, भाकरी एक. दोन तासांनी १३१. त्या वहीतला सगळ्यात चवदार आकडा.

कळण्याचं जरा सांगतो, कारण हे पीठ गिरणीवरून हळूहळू नाहीसं होत चाललं होतं. चार वाटे ज्वारी, एक वाटा अख्खे काळे उडीद सालीसकट, मीठ, थोडे मेथीदाणे. कोणी तीनास एक घेतं. ज्वारीत शंभराला दहा ग्रॅम तंतू, अख्ख्या उडदात वीस, शिवाय उडदाचा चिकटपणा आणि प्रोटीन. नुसत्या ज्वारीला विरी कमी पडते, उडीद ती भरून काढतो, म्हणून कळण्याची भाकरी थापायला सोपी. आमच्या आज्यांनी हे मधुमेहासाठी केलेलं नाही. ज्वारी-उडीद शेतात असायचे आणि भाकरी टिकायची. आजोबा अशा चार भाकरी खायचे. पण ते नांगरामागे चालायचे आणि मी स्टुलावर बसून हॉपरकडे बघतो. आजोबांचं ताट घ्यायचं आणि स्टूल आपलंच ठेवायचं, हे जमत नाही.

घरात खरी लढाई झाली ती दळण जाडसर करण्यावरून. पीठ जितकं बारीक तितकं ते लवकर पचतं आणि साखर भरभर चढते, हे कळल्यावर मी दगडांतलं अंतर वाढवून घरची ज्वारी जाड दळली. बायकोने पहिली भाकरी थापली, कडेला चिरली. दुसरी उचलताना मधोमध फाटली. तिसरी तिने परातीतच ठेवली आणि पीठ माझ्यापुढे आणलं. "अहो, तुम्हीच थापा आता." थापून बघितली. बावीस वर्षं पीठ दळणाऱ्या माणसाला एक भाकरी तव्यापर्यंत नेता आली नाही. गरम पाण्यात मळून, थोडी उकड काढून बघितली, तेव्हा कशीबशी. शेवटी तडजोड अशी: ज्वारी पूर्वीसारखीच बारीक पण न चाळता, गहू जाडसर आणि न चाळता, खिचडीत तांदूळ निम्मे आणि डाळ दीडपट, आठवड्यातून दोनदा तुरीच्या भरडीचे वाफवलेले फुणके आणि कढी. भात बंद नाही. भाकरी बंद नाही. मुलांनी न चाळलेल्या पोळ्यांवर आठवडाभर तोंड वाकडं केलं, मग विसरली.

टोस्टच्या जागी मी 'ज्वारीचे' म्हणून मिळणारी बिस्किटं आणली होती. पुड्यावर कणसाचं चित्र. मागे बारीक अक्षरात पहिलं नाव मैद्याचं, ज्वारी तिसरी, साखरेच्या मागे. ती शेजारच्या म्हशीलासुद्धा दिली नाहीत.

एक प्रकार सांगितलाच पाहिजे. माझं बघून गावातले एक नाना, बऱ्याच वर्षांचे मधुमेही, साखरेच्या गोळ्या चालू, त्यांनीही रात्रीची भाकरी सोडली आणि गोळी मात्र तशीच घेतली. पहाटे घाम, थरथर, शुद्ध हरपायला आली. सुनेने गूळपाणी पाजलं म्हणून निभावलं. गोळी जेवणाच्या मापाने दिलेली असते, जेवण कमी केलं की ती जास्त होते. मला गोळी नव्हती, म्हणून मला प्रयोग करता आले. तेव्हापासून गिरणीवर कोणी "भाऊ, काय खाऊ?" विचारलं की आधी विचारतो, गोळी चालू आहे का. असेल तर दळण देतो, सल्ला देत नाही.

जानेवारी अखेर पुन्हा तपासलं. एचबीएवनसी ५.९. वजन ८१ वरून ७७. जेवणानंतरचा आकडा १३८. सगळं खाली आलं, एक सोडून: उपाशीपोटीचा आकडा ११८ वरून ११२ वर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. रात्री कमी खा, लवकर खा, जेवणानंतर नदीपर्यंत चालून या, सगळं केलं. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं म्हणे, उठायच्या तयारीला. म्हणजे मी झोपलेलो असताना माझंच शरीर माझ्यासाठी नाश्ता मांडून बसतं. याला कोंडा लागू पडत नाही. डॉक्टर म्हणाले दर सहा महिन्यांनी बघू.

आणि मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली.

आखाजीचे मांडे म्हणजे मी वर्षभर जे टाळायला शिकलो ते सगळं एका घडीत. गहू रात्री ओलवायचे, फडक्यात दाबून ठेवायचे, दळायचे आणि जुन्या मऊ लुगड्याने गाळायचे. खाली पडतं ते सपीट, डोळ्यांत घालावं असं, तंतूंचा मागमूस नसलेलं. ते तेला-पाण्यात मळून मळून रबरासारखं लवचिक करायचं, पुरण भरायचं, आणि हातावर फिरवत फिरवत ताटापेक्षा मोठं करून उलट्या खापरावर टाकायचं. दळण मीच केलं. बारीक. मायने सांगितलं तेवढं बारीक. गाळायला तिच्यासमोर लुगड्याचं दुसरं टोक धरून मीच बसलो होतो, आणि वर उरलेला कोंडा ती एका ताटात काढत होती.

जेवायला बसलो तेव्हा समोर आमरस, दूध, तूप. मांडा खापरावरून उतरला, घडी घालून ताटात आला. मायने कोंड्याचं ते ताट माझ्याकडे सरकवलं.

"हाऊ तुन्हा."

आणि दुसऱ्या हाताने मांड्यावर तूप सोडलं. दीड मांडा खाल्ला. मीटर त्या दिवशी कपाटातून काढलं नाही.